पाच नंबरचा दगड

लोक रस्त्यात छत्री विसरतात, चष्मा विसरतात, एखादी घाईघाईत चप्पल विसरून अनवाणी घरी येते. मी राष्ट्रीय महामार्गावर सहा दगड विसरून आले. तेही साधेसुधे नाहीत, नंबर टाकलेले.

नातवंडं विचारतात, "आजी, तू तेव्हा इतकी वेंधळी होतीस?" मी सांगते, "नाही रे, मी तेव्हा फार हुशार होते. सगळा घोटाळा त्यामुळेच झाला."

दहाएक वर्षं झाली असतील. मी छप्पन वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घर साकोलीला, शाळा लाखनीजवळच्या खेड्यात. आयुष्यभर एसटीला लोंबकळल्यावर पंचावन्नाव्या वर्षी मला गाडी शिकायची हुक्की आली आणि एक जुनी पांढरी गाडी घेऊनच मी थांबले. आमचे हे एकदाच माझ्या शेजारी बसले. उतरल्यावर म्हणाले, "तू हो पुढं, मी बसनं येतो." त्यानंतर आमचा संसार सुखाचा झाला.

त्या आठवड्यात मुख्याध्यापक चार दिवसांच्या रजेवर होते आणि चार्ज माझ्याकडे होता. चार दिवसांचा चार्ज! पण माझी मान अशी ताठ झाली होती की शिपाईसुद्धा विचारायचा, "बाई, मान धरली का?" महिन्याचं पत्रक भंडाऱ्याच्या ऑफिसात द्यायचं होतं. ते एखाद्या शिक्षकाच्या हाती पाठवता आलं असतं, पण प्रभारी मुख्याध्यापिका स्वतः जाणार, ठेवणीतली रेशमी कोसा साडी नेसून जाणार आणि स्वतःची गाडी चालवत जाणार! गेले, पत्रक दिलं. शिक्का मारणाऱ्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. परत निघाले.

मन मात्र घरी धावत होतं. माझा मुलगा आणि नवी सून लग्नानंतर पहिल्यांदा साकोलीला यायचे होते, नागपुराहून मोटरसायकलनं. "दोनला निघतो, आई," असा त्याचा फोन आला होता. संध्याकाळी सुनेसोबत बुद्धवंदना घ्यायची म्हणून मी मेणबत्त्या आणि पांढरी फुलं सकाळीच आणून ठेवली होती.

भंडारा सोडलं आणि कसलातरी जळका वास यायला लागला. पुढे एक ट्रक होता. कसली गाडी ठेवतात हे लोक, असं त्या ट्रकवाल्याला मनातल्या मनात सुनावत मी दहा-बारा किलोमीटर आले. ट्रक वळून गेला, वास माझ्यासोबतच राहिला. मग मागून धूर दिसला. मी गाडी थांबवली, तीही कडेला नाही, चांगली डाव्या लेनमध्ये.

आपल्याकडे गाडी बंद पडली की माणूस आधी काय करतो? गाडीच्या मागे दगड मांडतो आणि एखादी फांदी तोडून ठेवतो. तेच मी केलं, पण इतरांपेक्षा चांगलं केलं. कडेच्या ढिगातून सहा दगड आणले, अर्धगोलात सारख्या अंतरावर मांडले, मध्ये पळसाची फांदी रोवली. पर्समध्ये खडू असतोच. शाळेत मी बाकांना नंबर टाकायचे, झाडूंना टाकायचे, खिचडीच्या ताटांना टाकायचे. मग दगडांनीच काय पाप केलं होतं? एक ते सहा नंबर टाकले. सहावा सगळ्यात मोठा होता. त्यावर लिहिलं: "सावकाश जा. पुढे वाहन बंद आहे." आणि खाली, बाई गं, आजही लाज वाटते, खाली लिहिलं: "आज्ञेवरून, प्रभारी मुख्याध्यापिका."

थोड्या वेळानं एक ट्रॅक्टरवाला थांबला. त्यानं खिडकीतून आत डोकं घातलं, चाकाजवळ वास घेतला, परत डोकं आत घातलं आणि म्हणाला, "मावशी, हँडब्रेक वढलेला हाय न!"

तो हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. त्यानं हँडब्रेक खाली केला, "अर्धा घंटा थंडी होऊ द्या" म्हणाला आणि निघून गेला. तो अर्धा तास मी कोसा साडीत, आपल्याच आज्ञेसमोर उभी होते. चाकं निवली तशी गाडीत बसले आणि अशी निघाले की मागे वळून पाहिलंच नाही. मागे पाहिलं असतं, तर कोणीतरी मला पाहिलं असतं ना!

शाळेत सातवीच्या वर्गावर गणित चाललं होतं. अडीच वाजले असतील. दाराशी एक पोलीस उभा राहिला. उंच, काळा, मिशी अर्धी पांढरी, टोपी काखेत. दोन्ही हातांनी एक पोतं पोटाशी धरलेलं. महामार्गाच्या मदत चौकीचे जमादार. साकोली ते भंडारा सगळं जग त्यांना जमादारच म्हणायचं, म्हणून मीही तेवढंच म्हणते.

पोरं उभी राहिली. "नमस्ते साऽऽहेब!"

"बसा, बसा." जमादार आत आले, माझ्या टेबलाजवळ पोतं ठेवलं आणि एकेक दगड काढून हजेरीपटाशेजारी मांडू लागले. "बाई, तुमचं सामान रोडवर राहून गेलं होतं."

मी हजेरीपट बाजूला ओढला. "माझं कशावरून?"

"त्या मोठ्या दगडाले चहाच्या टपरीवर घेऊन गेलो. टपरीवाला म्हने, हे त आमच्या बाईचं अक्षर. असा शेपटीवाला 'ह' साऱ्या तालुक्यात एकच बाई काढते. ह्या 'ह'पायी मी मार खाल्ला."

बेचाळीस पोरं हसली. मी फूटपट्टी टेबलावर आपटली. जमादारांनी तिकडे लक्षच दिलं नाही. ते दगड नंबरवार लावत होते. एक. दोन. तीन. चार. मग हात पोत्यात गेला आणि सहा नंबरचा मोठा दगड माझ्या आज्ञेसकट टेबलावर आला. पोतं रिकामं झालं.

आणि माझा वर्ग, ज्याला पाढे म्हणताना झोप यायची, तो एका सुरात ओरडला, "पाऽऽच राहिला!"

"हाव," जमादार म्हणाले. "पाच नंबर राहिला. नाली पाहून झाली, झुडपं पाहून झाली. कुठीच नाई. म्हंजे तो अजून रोडवरच हाय."

माझी नजर घड्याळाकडे गेली. दोन पस्तीस. मुलगा दोनला निघाला होता. याच रस्त्यानं, याच बाजूनं, नव्या बायकोला मागे बसवून. मी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे त्याला मीच कान पिळून शिकवलं होतं. माझं एवढं एकच शिकवणं त्यानं मनावर घेतलं होतं!

जमादारांना सगळं सांगितलं. त्यांनी वर्गातल्या माठातून गिलास भरून माझ्यापुढे धरला. "पानी पेलं का? नाई? अगोदर पेऊन घ्या. मंग चला."

हा त्यांचा पहिला प्रश्न आणि पहिला नियम. तुमची गाडी उलटी पडलेली असो, इंजिनातून वाफ निघत असो, तुम्ही रडत असा की भांडत असा, जमादार जीपमधून उतरले की गाडीकडे पाहायचे नाहीत. "पानी पेलं का?" नागपूरचा एक बडा माणूस एकदा त्यांच्यावर खेकसला होता, "अहो, माझी गाडी बघा आधी, पाणी काय पाजता?" जमादार शांतपणे म्हणाले, "साहेब, इंजिन थंड व्हायले अर्धा घंटा लागते, मानूस थंड व्हायले एक गिलास. अगोदर सोपं काम करून घेऊ."

दुसरा नियम नालीचा. गाडी बंद पडली की सगळ्यांनी रस्ता सोडायचा, नाली ओलांडायची आणि पलीकडे जाऊन बसायचं. यात म्हातारा, आमदार, नवरदेव असा भेद नव्हता. एकदा वऱ्हाडाची बस धुरा तुटून बसली. जमादारांनी सगळं वऱ्हाड नालीपलीकडे नेलं, बँडवाल्यांसकट. बँडवाल्यांनी विचारलं, "साहेब, बसलोच हावो, त वाजवाचं का?" "वाजवा, पन नालीच्या तिकडूनच." तासभर तिथे पळसाच्या झाडाखाली वरात नाचली आणि नवरदेव जमादारांच्या जीपमधून मांडवात पोचला. पोलिसाच्या गाडीतून नवरदेव उतरलेला पाहून मुलीचा बाप खुर्चीतच बसला म्हणतात. त्यालाही जमादारांनी पाणी दिलं.

आणि भाषा! या रस्त्यावर कुठकुठले ट्रक येतात. जमादारांना अकरा भाषा येत होत्या, आणि प्रत्येक भाषेत एकच वाक्य: "घाबरू नका, मी आलो आहे." छत्तीसगढीत, तेलुगूत, उडियात, पंजाबीत, तामिळात. ते ऐकून लांबचा ड्रायव्हर हरखून घडाघडा बोलायला लागायचा. त्यातलं अक्षर जमादारांना कळायचं नाही. मान हलवत ऐकून घ्यायचे आणि शेवटी परत तेच वाक्य म्हणायचे. काम भागायचं.

त्यांच्या जीपमध्ये मी त्या दिवशी पहिल्यांदा बसले. बसायला जागा कुठे होती? वर्गातून परत आणलेलं माझ्या पाच दगडांचं पोतं, दोराचं वेटोळं, पहार, पाण्याचे दोन कॅन, मुरमुऱ्याचा डबा, लाल फडकं बांधलेली काठी, बाळंतिणीला लागतील तशी धुतलेली दुपटी, आणि एका पिशवीत वेगवेगळ्या मापाच्या सहा-सात चपला.

"ह्या कोणाच्या?"

"कोनाच्याच नाई. गाडी बंद पडली की मानसाची चप्पल पयले हरपते, बाई. काहून, ते मले आजवर समजलं नाई."

जीप सुटली. मी म्हणाले, "भोंगा वाजवा ना!"

"कायले? लोकं दचकून ब्रेक मारतेत. हरपलेला दगड भोंगा आयकून थोडीच येते."

वळण घेऊन आम्ही माझ्या पराक्रमाच्या जागी आलो. पळसाची फांदी जमादारांनी आधीच उचलून नालीपलीकडे टाकली होती. रस्त्यावर खडूची पांढरी भुकटी उरली होती. मी कडेकडेनं झुडपं धुंडाळत होते, पुलाखाली वाकून पाहत होते आणि दर मिनिटाला फोन लावत होते. हातातली फूटपट्टी हातातच होती. वर्गातून निघताना ठेवायचं भानच राहिलं नव्हतं.

जमादार मात्र रस्त्यावर उकिडवे बसून डांबराकडे पाहत होते. गाड्या बाजूनं सूं सूं जात होत्या. त्यांनी बोटानं काहीतरी चाचपलं, मग उठून चार पावलं गेले आणि परत बसले. परत चार पावलं. मग ओरडले, "बाई! इकडं या!"

डांबरावर नखाएवढा पांढरा ओरखडा होता, ताजा. चार पावलांवर तसाच दुसरा, चार पावलांवर तिसरा. ओळीनं साकोलीकडे गेलेले.

"फुटपट्टी हाय न तुमच्याजवळ? मोजा."

त्यांनी लाल फडक्याची काठी उंच केली, शिट्टी फुंकली, आणि राष्ट्रीय महामार्गाची डावी लेन माझ्यासाठी थांबली! मी कोसा साडीचा काचा मारला आणि ओणवी होऊन एका ओरखड्यापासून दुसऱ्यापर्यंत पट्टी टाकत गेले. एक फूट, दोन फूट, तीन. थांबलेल्या गाड्यांतून डोकी बाहेर आली. "काय चालू आहे?" कोणीतरी विचारलं. "सर्व्हे," दुसरा म्हणाला. नऊ, दहा, अकरा. पुढचे दोन ओरखडे मोजले. अकरा. अकरा.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तीस वर्षं मी पोरांच्या डोक्यात कोंबत होते ते माझ्याच पायाशी पडलं होतं. "जमादार! हा परीघ आहे! काहीतरी गोल फिरतंय, आणि एका फेऱ्यात एकदा टेकतंय! परीघ अकरा फूट. त्याला बावीस सप्तमांशानं भागा. व्यास साडेतीन फूट! बरोब्बर साडेतीन!" पुस्तकाबाहेर इतकं स्वच्छ उत्तर मी कधी पाहिलं नव्हतं. मी रस्त्यात उडी मारली असेन बहुतेक.

जमादारांनी तळहात आपल्या कमरेशी धरला. "साडेतीन फूट म्हंजे एवढं चाक. ट्रक." मग त्यांचा चेहरा उतरला. "मांगची चाकं जोडीनं असतेत, बाई. त्या दोन चाकाच्या बेचक्यात तुमचा पाच नंबर जाऊन बसला. बसला हाय तवरिक ठीक. सुटला त तोफेचा गोळा."

"सुटला तर कुठे जातो?"

त्यांनी मागे भंडाऱ्याकडे पाहिलं. "मांगं जाते. मांगं बहुतेक मोटरसायकलच असते."

मी जीपमध्ये कशी बसले ते आठवत नाही. सव्वातीन झाले होते. मुलगा भंडाऱ्याच्या जवळपास आला असणार. ट्रक पुढे, तो मागे. ट्रक संथ, तो वेगात. केव्हातरी तो त्या ट्रकला गाठणार, ट्रकच्या मागे लागणार. हे गणित मला नको असतानाही आपोआप सुटत होतं. धावणाऱ्या गाड्यांची गणितं मी पोरांना किती मजेत घातली होती!

जमादारांनी आधी बिनतारीवरून पुढच्या चौकीला निरोप दिला. पण कुठला ट्रक, काय रंग, काय नंबर? काहीच माहीत नव्हतं. माहीत होतं फक्त एक चाक. मग ते कडेकडेनं जीप चालवू लागले, डोकं खिडकीबाहेर, नजर डांबरावर. "दिसून राहिला... दिसून राहिला..." मी डावीकडून डोकं बाहेर काढलेलं. दोघांची डोकी दोन खिडक्यांतून बाहेर, जीप मधून चाललेली. लाखनीतून गेलो तेव्हा माझ्याच शाळेतल्या एका पालकानं हात जोडले. मी फूटपट्टीनं नमस्कार केला.

लाखनीच्या पुढे ओरखडे बारीक होत गेले. "झिजून राहिला," जमादार म्हणाले. "झिजला की ढिला होते." मग एकदम ओळ तुटली. ते खाली उतरले, मागे चालत गेले, परत आले. "पुढं नाई," ते म्हणाले. "म्हंजे वळला." आणि खरंच, ओरखडे डावीकडे वळून धाब्याच्या मुरमात शिरले होते.

धाब्यावर नऊ ट्रक उभे होते. आम्ही दोन टोकांनी सुरुवात केली. मी पहिल्या ट्रकच्या मागे गेले, वाकून जोडचाकात पाहिलं. काही नाही. दुसरा, तिसरा. चौथ्याखाली मी सरळ मुरमावर आडवी झाले, कोसा साडीसकट. आणि तो दिसला! दोन चाकांच्या मध्ये, नारळाएवढा, एका बाजूनं घासून गुळगुळीत झालेला. आतल्या बाजूला, जिथे रस्ता पोचला नव्हता, माझ्या सुबक अक्षरातला पाच. अर्धा पुसलेला, पण पाचच.

"जमादाऽऽर! सापडला! पाच नंबर सापडला!" मी ट्रकखालून अशी किंचाळले की खाटांवर झोपलेले सगळे ड्रायव्हर उठून बसले.

ट्रकवाला छत्तीसगढचा होता. पोलीस पाहून तो गांगरला. जमादारांनी त्याला आपलं छत्तीसगढीतलं एकुलतं एक वाक्य ऐकवलं आणि पाण्याचा गिलास दिला. तो म्हणाला, "साहब, ठक-ठक तो हो रहा था. मैं सोचा खाना खाके देखूँगा." "अच्छा किया, खाना खा लिया," जमादार म्हणाले. बाहेरच्या चाकाची हवा सोडली, पहार घातली, दोघांनी जोर लावला, आणि पाच नंबर धपकन मुरमात पडला. मी तो उचलून छातीशी धरला. पहिलं पोर झालं तेव्हा नर्सनं हातात दिलं होतं ना, तसाच.

पुढे आमची ओळख वाढली. निवृत्तीपर्यंत दर शनिवारी शाळा सुटली की मी चौकीवर चहा प्यायला थांबायचे. चौकीच्या मागे झेंडूचा वाफा होता आणि त्याला दगडांची लांबलचक कड होती. ते सगळे लोकांचे विसरलेले. प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं कोणाचा ते लिहिलेलं: "उसाचा ट्रक", "लाल जीप, तुमसर", "डॉक्टर साहेब". मालक सापडला तर जमादार दगड त्याच्या दारात नेऊन दाखवायचे आणि रोडवर काय राहिलं ते त्याच्या बायकोपोरांसमोर सांगायचे. दंड केला असता तर लोक एका दिवसात विसरले असते. दगड मात्र कोणी विसरलं नाही. माझे सहाही कडेला बसले, "बाई" अशा नावानं. निघणाऱ्या प्रत्येक गाडीला ते एकच सांगायचे, "जाऊ द्या ते धन्यवाद. मांगं पाहा. काय राहिलं ते पाहा, अन् मंग जा." त्यांची बायको म्हणायची, "घरूनबी असेच निघतेत. दारातून तीनदा मांगं पाहातेत. नवीन होती तवा मले वाटे, माह्याकडेच पाहून राहिले."

त्या कडेला सगळ्यात पहिला एक दगड होता, शेवाळलेला, त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी एकदा विचारलं, "हा कोणाचा?"

"माहा."

पोलिसात लागायच्या आधी ते दिघोरीकडे धानाचा ट्रॅक्टर चालवायचे. चाक पंक्चर झालं, दगड लावला, चाक बदललं, निघून गेले. एवढंच सांगितलं.

"मग? त्यावर कोणी पडलं?"

ते झेंडूची सुकलेली फुलं खुडू लागले. "बाई, सारीच उत्तरं फळ्यावर लिवाची नसतेत."

मी मास्तरीण असूनही पुढे विचारलं नाही. आयुष्यात एवढं एक शहाणपण मी केलं.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी ते जीप घेऊन शाळेच्या फाटकात आले आणि म्हणाले, "बसा. तुमाले भोंगा वाजवाचा होता न? दाबा, एकडाव." मी एकदा नाही, चारदा दाबला. सगळं गाव बाहेर आलं. आता ते दिघोरीला आपल्या धानात असतात, आणि परवा कोणी सांगितलं की बांधावरून जाताना वाटेतला दगड दिसला की अजून वाकून उचलतात. गुडघे दुखतात म्हणे, पण उचलतात.

पण त्या दिवशीचं शेवटचं राहिलंच. ट्रकवाला चाकात हवा भरून घेत होता. मी रस्त्याच्या कडेला, नालीच्या पलीकडे, पाच नंबर कडेवर घेऊन उभी होते. साडीला मुरूम, केसांत गवत, हातात फूटपट्टी. सव्वाचार वाजले होते. लाखनीकडून एक मोटरसायकल आली. हेल्मेट ओळखीचं. मागे माझी सून, पिवळा दुपट्टा उडतोय, आणि मांडीवर एक टेबलफॅन! सासूसाठी आणलेला, दोन्ही हातांनी मिठी मारून धरलेला, आणि वाऱ्यानं त्याची पाती आपोआप गरगर फिरत होती. ती काहीतरी बोलत होती, तो मान मागे करून हसत होता. दोघंही माझ्या समोरून, सहा हातांवरून, स्वच्छ काळ्या रस्त्यावरून गेली. मला त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि हाकेच्या जागी रडूच आलं. तेही असं तसं नाही, हमसून हमसून. धाब्यावरचे ड्रायव्हर परत उठून बसले.

जमादार नाली ओलांडून आले. त्यांनी मोटरसायकल गेली त्या दिशेला पाहिलं. "तेच का?"

मी मान हलवली. त्यांनी माझ्या कडेवरचा पाच नंबर अलगद काढून घेतला, जीपमध्ये बाकीच्या पाचांशेजारी नीट ठेवला, एकेकावर बोट ठेवत मनाशी मोजलं. मग कॅनमधून गिलास भरून माझ्या हातात दिला आणि मी तो संपवेपर्यंत थांबले.

मग म्हणाले, "दगड त सहाच्या सहा झाले, बाई. आता घरी जा, अन् मानसं मोजा."